साडूंनी चाखलेला ट्रॅक्टर

माझ्या थोरल्या साडूंइतका विचार करून वस्तू घेणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत आणि रोह्यापासून कोलाडपर्यंत दुसरा झाला नाही. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्यांची थट्टा आमच्या नातेवाइकांनी सव्वीस वर्षं केली, तिच्यात मीही हसत सामील झालो, आणि ज्या एका गोष्टीवरून ती झाली तिची खरी हकीकत मी कोणाला सांगितली नाही. साडू मागच्या वर्षी गेले. आता ती सांगितली नाही, तर ती माझ्याबरोबरच जायची.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. रोह्याहून कोलाडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांची तीन एकर जमीन. ती अकरा खाचरांत तुटलेली, आणि त्यातली चार तर आपल्या घराच्या अंगणाएवढीच. पावसाळ्यात भात आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. माणूस उंच, किडकिडीत, बोलायला अगदी सावकाश. चप्पल घ्यायची असली तर रोह्याच्या बाजारातल्या तीन दुकानांत ते तीन दिवस जात. एकदा तर दुकानदाराला गळ घालून त्यांनी नव्या जोडातली एकच चप्पल घरी नेली आणि डाव्या पायात नवी, उजव्या पायात जुनी अशी आठवडाभर घालून बघितली. आठव्या दिवशी ती परत केली. "नवी चावते," म्हणाले, "आन जुनी कदी चावली नाय." तेव्हापासून तो दुकानदार त्यांना लांबून येताना बघितलं की जेवायला जात असे. छत्रीच्या बाबतीत तर त्यांचा निर्णय होईपर्यंत पावसाळा संपला होता, आणि मग, आता कशाला घाई, म्हणून ते पुढच्या वर्षावर गेलं.

त्यांची दुसरी सवय याहून अवघड होती. साडू चाखून बघत. त्यांचं आजोळ पेणच्या खाडीकडचं. तिकडे बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात शिरतं, आणि पुढच्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन गेलं की नाही हे तिथली जुनी माणसं चिमूटभर माती जिभेवर ठेवून ठरवतात. साडूंचं लहानपण मामाच्या मागून बांधावर फिरण्यात गेलं, त्यामुळे ही विद्या त्यांच्याकडे आली. पण मामा फक्त माती चाखत. साडू सगळंच चाखत. बियाण्याचं भात, विहिरीचं पाणी, भिंतीचा चुना, म्हशीपुढचा पेंढा. रोह्यातल्या एका दुकानात सांडलेल्या सिमेंटला बोट लावून त्यांनी ते तोंडाकडे नेलं, तेव्हा मालकानं गल्ल्यावरून उठून त्यांचा हात धरला होता. तरीही गावातल्या लोकांना त्यांच्या जिभेवर भरवसा होता. बी घ्यायचं, गाय घ्यायची, नवी विहीर कुठे पाडायची, तर आधी त्यांना विचारून जात. साडू दोन दिवस विचार करत आणि मग एकच वाक्य बोलत. ते वाक्य चुकत नसे.

पुढे रोह्याशेजारी धाटावला कंपन्या वाढल्या, गावातली तरणी माणसं शिफ्टला जाऊ लागली आणि गुरांमागे जायला माणूस मिळेना. साडूंनी बैलजोडी विकली आणि ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. नवा घ्यायचा की वापरलेला, यावर त्यांनी दोन वर्षं विचार केला. दोन पावसाळे भाड्याच्या ट्रॅक्टरवर लावणीआधीची चिखलणी केली. तो ट्रॅक्टर सगळ्यांचं झाल्यावर यांच्याकडे येई, तोवर लावणीसाठी राबात वाढवलेली रोपं पिवळी पडत. तरी साडूंनी घाई केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की तीन एकरांना नवा ट्रॅक्टर म्हणजे वर्षातले अकरा महिने गोठ्यात उभा ठेवून पुसत बसायचा देव. आणि वापरलेला घ्यावा, तर चिखलणीच्या आठ दिवसांत तो रुसला की वर्षाचं भात गेलं. पनवेलला एका शोरूममध्ये ते मला घेऊन गेले होते. नव्या कोऱ्या लाल ट्रॅक्टरला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विकणाऱ्या तरुणाला विचारलं, "याला कोनी वापरून बघितलाय?"

"काका, नवा आहे. अजून कोणी बसलंसुद्धा नाही."

"मंग याची खोड कोनाला म्हायती?" साडू म्हणाले. "जुन्याबद्दल चार मानसांना इचारता येतं. याच्याबद्दल कोनाला इचारू?"

त्या तरुणानं हातातलं माहितीपत्रक माझ्याकडे दिलं.

मग ट्रॅक्टर आपल्या खाचरांत वळेल का, हा प्रश्न आला. साडूंनी बांबूची एक चौकट बांधली, मध्यम ट्रॅक्टरच्या लांबीरुंदीची, आणि तिची पुढची टोकं आपण धरून मागची टोकं बायकोच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, खांद्यावर दिली. अकराही खाचरांत दोघं ती चौकट घेऊन वळून आले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

"बैल गेले," साडू मागे न बघता म्हणाले.

"अवो, टाका ती खाली!" अक्का मागून ओरडत होती. "मानसं मला रांडाव समजतील!"

पण मोजणी पूर्ण झाली. सात खाचरांत ट्रॅक्टर वळेल, चार कुदळीनं करायची. आणि एवढ्याशा जमिनीला नवा परवडणार नाही, वापरलेलाच घ्यायचा, हेही ठरलं. तशातच कळलं, की पेणच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात एक चांगला ट्रॅक्टर विकाऊ आहे. साडू मला घ्यायला आले.

इथून पुढचं सावकाश लिहायला हवं. मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत फिटर होतो, पंपांचा. पंप गळायला लागला की खोलायचा, पॅकिंग बदलायचं, परत जोडायचा. एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं येत होतं. पण सासुरवाडीच्या लोकांना फिटर म्हणजे सगळ्या यंत्रांचा डॉक्टर. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, कोणाची स्कूटर, सगळं माझ्याकडे येई, आणि मी कधी म्हटलं नाही की हे मला येत नाही. सासुरवाडीत माझी तेवढीच पत होती. ट्रॅक्टर मी उभ्या आयुष्यात उघडून बघितला नव्हता. साडूंनी विचारलं, "फिटरसायब, तुमी बगाल ना?" मी म्हटलं, "चला की."

मालक मोठा अगत्यशील होता. आधी जेवायला बसवलं. खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण होतं, डोक्याचा तुकडा माझ्या ताटात आला. तो खाऊन मग आम्ही ट्रॅक्टर बघायला उठलो. नुकताच रंग दिलेला, निळा, चकचकीत. मालक म्हणाला, शेतातच वापरलाय, दुसरं काही नाही. मी इंजिन सुरू करायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. कंपनीत मोठे मेकॅनिक असं करताना मी बघितलं होतं. मला त्यात धडधडीशिवाय काहीही ऐकू आलं नाही. खाली वाकून बघायला हवं होतं. पण खाली शेण आणि चिखल होता, आणि मी त्या दिवशी नवी टेरिलीनची पँट घातली होती.

साडू मात्र सरळ खाली गेले. पुढच्या चाकांमध्ये पाठीवर झोपले, नखानं रंग खरवडला आणि बोट जिभेला लावलं. मग बाहेर आले आणि मला म्हणाले, "खारट लागतंय."

मालक हसला, "अवो, घाम लागला आसंल बोटाला!" भोवती जमलेली चारसहा माणसं हसली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी कंपनीतला माणूस. मला साडूंची लाज वाटली. मी म्हटलं, "साडूभाऊ, ट्रॅक्टर कानानं बघायचा असतो. जिभेनं बघायला तो काय कालवण आहे?"

या वाक्यावर फार मोठा हशा झाला. पुढे कित्येक दिवस मी ते स्वतःच लोकांना सांगत होतो.

साडूंनी बोट लेंग्याला पुसलं. "इंजन चांगलं हाय?" त्यांनी विचारलं. एकदम ठणठणीत, मी म्हटलं. आयुष्यात एकदाच त्यांनी दोन दिवसांचा विचार तिथल्या तिथे आटोपला. "तुमी म्हनता तर घेऊ."

चिखलणीच्या चौथ्या दिवशी ट्रॅक्टर मोडला. रस्त्याकडच्या, सगळ्यात खोल खाचरात पुढचा अ‍ॅक्सल तुटला आणि ट्रॅक्टर तोंडावर पडला. निळ्या रंगाच्या आत लोखंडाचे पापडासारखे पदर सुटले होते. नंतर कळलं, की तो सहा वर्षं मिठागरात मीठ ओढत होता. शेजाऱ्यांच्या दोन बैलजोड्या लावून त्याला बाहेर काढला. रविवार असल्यामुळे मीही बांधावर होतो. रस्त्यावर एसटी थांबली होती आणि तिच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत होती.

"दोन वर्सं इचार केलान," कोणीतरी म्हणालं, "आन आनलान काय, तर खारवलेला डबा!"

"पन फिटरसायबांनी बगितला व्हता ना?" दुसऱ्यानं विचारलं.

साडू गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी वरही बघितलं नाही. "ते नकोच म्हनत व्हते," म्हणाले. "मीच आयकलं नाय."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला असता तर कदाचित खरं बाहेर पडलं असतं. मी नुसती मान हलवली, जशी समजूतदार माणसं हलवतात.

त्यांनी असं का केलं हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यावर बोलावं लागलं असतं. सासुरवाडीत मी धाकटा जावई, आणि माझी पत कशावर उभी आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, एवढंच मला वाटतं. त्या वर्षी निम्मं शेत पडीक राहिलं. त्यापेक्षाही जास्त गेलं ते त्यांचं वाक्य. गाय घ्यायला, बी घ्यायला त्यांना कोणी विचारेना. लग्नात साड्यांची खरेदी निघाली की कोणीतरी म्हणे, "थांबा, आधी चाटून बगू द्या त्यांना!" साडू सगळ्यांबरोबर हसत. पण त्यानंतर त्यांना काही चाखताना मी बघितलं नाही. एकदा अक्का माझ्या बायकोला सांगत होती, "वालाच्या बिरड्यात मीठ घालायला मी इसरले तरी मुकाट जेवतात गो. आदी कसे बोलायचे!" मी बाहेर पेपर वाचत होतो. तो तसाच वाचत राहिलो.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा माझ्याकडे पेणला आला. तोही धाटावलाच शिफ्टला जातो. शेत पुन्हा नीट करायचं म्हणतो, ट्रॅक्टर घ्यायचा आहे. नवा की वापरलेला हे ठरत नाही. एक वापरलेला बघून ठेवलाय.

"काका, तुमी एकदा येऊन बगा," तो म्हणाला. "बाबांनी तेव्हा तुमचं आयकलं असतं तर..."

मी म्हटलं, "मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही. मी पंपाचा फिटर होतो." आणि मग सगळं सांगितलं. पँटसकट. चहावर साय आली. मी थांबल्यावर तो म्हणाला, "हे आयेला सांगाल? ती अजून बाबांनाच बोल लावते."

पुढच्या रविवारी मी गेलो. अक्का ओटीवर सुपात वाल निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"म्हंजे त्यांना कळलं व्हतं?"

"हो."

"जायच्या आदी चार दिस मी त्यांना बोलले, भावजी. म्हटलं, जलमात एक वस्तू धड घेतलीत नाय."

"ते काय म्हणाले?"

"हसले." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आता मी कोनाला सांगू, चुकलं माझं म्हनून?"

याचा मी विचारच केला नव्हता. माझं मन हलकं करायला मी पेणहून आलो होतो, आणि मनावरचं ओझं तिच्या मांडीवर ठेवून मोकळा झालो होतो.

ती उठली आणि आत सुनेला म्हणाली, "अगो, बाजूच्यांना बोलाव. भावजींना काय तरी सांगायचंय." चार घरची माणसं आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हसलं कोणी नाही. शेजारचे एक म्हातारे शेवटी घसा खाकरून म्हणाले, "मला तर वाटतच व्हतं, ह्यो मानूस फसायचा नाय."

"कदी बोललात?" अक्का त्यांच्यावर एकदम उखडली. "येकदा तरी, ते जित्ते असताना, बोललात?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि ती पानं वाढायला आत गेली. मला वाटलं होतं, आज मला जेवायला कोणी म्हणणार नाही. पण तिनं माझंही पान मांडलं, आणि भात माझ्या भुकेपेक्षा बराच जास्त वाढला. मी पुरे म्हटलं नाही.