हं म्हणणारी

तात्यांना जाऊन आज वर्ष झालं, आणि आज सकाळीच कुणीतरी त्यांच्या आवाजातून मला काढून टाकलं.

तात्या म्हणजे माझे मोठे चुलते. मोहोळला बियाण्यांचं दुकान. शाळेत जायच्या आधी त्यांनीच मला वाचायला शिकवलं, पोत्यावर बसवून, पोथी समोर ठेवून.

ते वाचणार, मी दर ओवीला 'हं' म्हणणार. 'हं' आलं नाही तर पुढची ओवी नाही.

"झोपंतलं हं नगं. कळलं तरच म्हन."

दोन वर्षांपूर्वी मला नेटवर मध्ययुगीन मराठी हस्तलिखिताचं एक पान मिळालं. परदेशातल्या ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. काळी शाई, लाल दंड, शब्दांना शब्द चिकटलेले.

त्याला आवाज द्यायचा होता. मोकळ्या लायसन्सचा, कारण मला दुसऱ्याचं काही उचलायची भीती वाटते. शोधलं तर काय? बासरी. पाऊस. परत बासरी.

मग तात्यांच्या हातात त्या पानाची प्रिंट दिली, समोर मोबाईल ठेवला आणि माझा आवाज नको म्हणून मी बाहेर जाऊन बसले.

तात्या एक ओवी वाचून गप्प.

"काय झालं तात्या?"

"हं कोन म्हननार? ह्यो मोबाईल? भितीला वाचून दावू व्हय?"

मग मी बसले समोर. म्हटलं हं.

नंतर विचारलं, "हे कुणीही घेईल, बदलेल, फक्त नाव देईल. चालेल ना? नीट विचार करून सांगा."

"किती येळा इचारशील गं? घेऊ दे की! पोथी काय माज्या बापाची हाय? नाव मातुर दोगांचं टाक. तुजं हं हाय त्यात."

तसंच मोकळ्या लायसन्सने नेटवर टाकलं. आज ते कुणीतरी घेतलं. माझे सगळे 'हं' नॉईज म्हणून साफ केले. मधल्या जागा मिटवल्या. खाली बासरी टाकली.

आणि दोघांची नावं दिली. अगदी नियमाप्रमाणे.

तक्रार कशाची करू? 'बदल करायला हरकत नाही' यावर टिक मीच केली होती. लायसन्स पुन्हा वाचलं. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. कमेंट लिहिली, खोडली, लिहिली, खोडली.

तात्यांच्या मुलाचा मोडनिंबहून फोन. "तायडे, तात्या व्हायरल झाले की! आवाज कसला क्लिअर हाय! तुजं ते म्हशीगत हं हं गेलं ते लई बरं झालं."

दादा, क्लिअर नाही रे. एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखे वाचत सुटलेत ते. आपले तात्या असे कधी वाचायचे? ते थांबायचे. समोरच्याला कळलं का बघायचे.

मूळ रेकॉर्डिंग खाली परत लावतेय. त्याच पानासोबत, सगळ्या 'हं'सकट. ज्यांना बासरी हवी त्यांनी तिकडे ऐका.

शेवटची ओवी झाल्यावर तात्या थांबलेले ऐकू येतात. बराच वेळ. मी तेव्हा मोबाईलचं बटण शोधत होते.

तात्या, हं.

कळलं. वाचा पुढं.