गळत नसलेला जोड

बाळादादाने करवत काढली आणि मी सकाळी बसवलेला जोड माझ्यासमोर कापला. गळत नव्हता. वाकडा नव्हता. सोल्युशन सुकून घट्ट बसला होता. तरी कापला, आणि तुकडा तोडफोडीच्या राबिटच्या गोणीत टाकला.

बाळादादा माझा कंत्राटदार. घर घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं. बाथरूम पूर्ण फोडून नवं करायचं होतं. सांडपाण्याचे पाईप, संडासची लाईन, वास बाहेर नेणारा हवेचा पाईप, सगळं बदलायचं होतं. त्याच भिंतीतून स्वयंपाकघराच्या नळाची लाईन जात होती. तीही हलवावी लागली. मीच हलवली. प्लंबर मीच होतो.

त्या नळाच्या लाईनचा जोड दाबून धरलेला असताना भावाचा फोन आला. मी नेहमीसारखं म्हणालो, "जयभीम, बोल."

मालकीणबाईंच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आत जाऊन सुनेला लॅपटॉपवरून उठवलं. सून बाळादादाला पॅसेजमध्ये घेऊन गेली. दार उघडंच होतं.

"आई म्हणतायत, देवाचं पाणी त्याच नळाचं असतं. तेवढं तुम्ही स्वतः करून द्या ना. ड्रेनेजचं त्यांनी केलं तरी चालेल."

मग ती माझ्याकडे आली. "सॉरी हं दादा. आईंचं असतं जरा. मनावर घेऊ नका."

शिवी दिली असती तर उलट बोललो असतो. सॉरीला काय बोलायचं?

बाळादादा कापता कापता हळूच म्हणाला, "अरे साइटवर जयभीम कशाला? हॅलो बोलायचं ना."

त्याचं कापून झाल्यावर मी गुडघ्यांवर बसून संडासची लाईन जोडायला घेतली. बोटं तीच. घाण न्यायला चालत होती, पाणी आणायला चालत नव्हती. राग नंतर आला. आधी लाजच वाटली, चोरी पकडल्यासारखी. डोंबिवलीला मानपाड्याच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिची औषधं एक दिवस चुकवून चालत नाही. बाळादादाशिवाय मला काम देणारं कोणी नव्हतं.

हवेचा पाईप शेवटी राहिला होता. मनात आलं, आतून डमी ठोकून पाईपचं तोंडच बंद करावं. वर टाइल बसली की कुणाला कळणार नाही, आणि थोड्याच दिवसांत देवघरापर्यंत वास. डमी हातात घेतलीसुद्धा. मग वाटलं, वास आला की म्हातारी म्हणेल, बघ, मी सांगत होते. डमी खाली ठेवली. पाईप नीट नेऊन डक्टमधल्या उभ्या लाईनला जोडला. निघताना गोणीतून तो कापलेला तुकडा काढला आणि पिशवीत टाकला. का, ते मलाही कळलं नाही.

आईला सांगायचं नव्हतं. पण तिला माझ्या तोंडावरून कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं. लहानपणी ती गावाला विहिरीपासून लांब, ओंजळ धरून उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. तिने तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"गळत होता का?"

"नाय."

"मग कापू कसा दिलास?"

का कापला, ते तिने विचारलं नाही. ते तिला माहीत होतं. ओंजळ धरायची तेव्हा ती पोर होती. मी बाप्या माणूस, हाताला कसब, आणि करवत चालताना पाईप हलू नये म्हणून तो मीच धरून उभा होतो. बाळादादा म्हणाला, "धर रे जरा," आणि मी धरला. एवढं मात्र आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळादादाने नवी साइट दाखवली. "इथलं ड्रेनेज तू घे. पाण्याची लाईन दुसरा करेल. आता असंच ठेवू, कटकट नको."

"दोन्ही लाईन मी करणार. नायतर एकपण नाय."

"डोकं फिरलंय का तुझं? घरी आई आहे ना?"

"तिनेच विचारलंय."

"मग जा."

गेलो.

काम तुटलं ते तुटलंच. मी कामासाठी नाक्यावर उभा राहतो. औषधं उधारीवर चालली आहेत, आणि दुकानदार आता माझ्याकडे बघत नाही. धीर-बिर काही आलेला नाही. रोज सकाळी निघण्याआधी आईच्या उरलेल्या गोळ्या मोजतो. आईला काही झालं तर, हा विचार जात नाही. तरी कुणी काम विचारलं की पहिलं हेच सांगतो, पाण्याची लाईन मी करणार, घाणीचीही मीच. फोन आला तर त्यांच्यासमोर जयभीम म्हणतो. बरेचजण दुसरा बघतात. बघू देत.

माझा जोड गळला तर मी स्वतः कापीन. गळत नसलेला कापायचा असेल, तर पाईप धरायला मी मिळणार नाही.