बाहेरच्या खोलीच्या भिंती

वहिनी गेल्याचा निरोप आमच्या कामरगावहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं कारखान्याच्या फाटकाशी दिला. मी कारंज्याच्या जिनिंग कारखान्यात भांडार सांभाळतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय. तिथंच उभ्या उभ्या कोणाकोणाला बोलवायचं ते कागदावर लिहायला घेतलं, तर पहिलं नाव हातानं वहिनींचंच लिहिलं... ते खोडलं आणि निघालो.

स्वातंत्र्यानंतरच्या दोनचार वर्षांतच माझे थोरले भाऊ क्षयानं गेले, घराच्या बाहेरच्या खोलीत. मागे वहिनी, लहानगा वामन आणि एक शिलाई मशीन. भरपूर उजेड तेवढ्या त्या खोलीत, म्हणून मशीन तिथं. पण गल्लीतल्या बायका कापड पायरीवरून हातात देत आणि माप अंगणात उभ्यानं. ‘आत बसा’ म्हटलं की कोणाची चूल पेटलेली, कोणाची गाय सुटलेली. वहिनींना पोरींना शिवण शिकवायचं होतं. ते पायरीवरून शिकवता येत नाही.

एका चैत्रात त्यांनी भिंतीच हाती घ्यायचं ठरवलं. मी म्हणालो, कारंज्याहून तेलरंग आणतो, दोन हात मारू, खोली चकचकीत होईल. त्या हसल्या. “भाऊजी, मळक्या अंगावर पावडर लावता का तुमी?” मग लाटण्याच्या टोकानं सगळ्या भिंती ठोकत गेल्या. जिथं आवाज पोकळ आला तिथं कोळशानं खूण केली. खाली ओलीनं खारट लोणा फुटून गिलावा भुसभुशीत झाला होता, वर जुन्या चुन्याचे थर पापुद्रे धरून सुटले होते. सगळं खरवडायचं ठरलं, आणि शेजारच्या पार्वताकाकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

“काहून खरडून राह्यली व? भितीतला रोग भाईर निंगन, गावभर उडन!”

“मंग काय भितीतच पाळू त्याले, काकू?”

भिंतीत आता काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींचा विश्वास बसला होता, गल्लीचा नव्हता. त्यांनी वाद घातला नाही. दोन्ही दारं सताड उघडली, भिंत पाण्यानं भिजवली आणि ओली असतानाच खरवडायला घेतली, म्हणजे धूळ उडणार नाही. पडलेला सगळा चुरा ओल्या गोणपाटात गोळा करून, अंगणातल्या खड्ड्यात सगळ्यांदेखत पुरला. वरचा भाग माझ्याकडे होता. “भाऊजी, भित हाय ते, तुमची दाढी नाही. जोर लावा!” खड्डे चुना आणि चाळलेल्या वाळूनं भरले, पाणी मारमारून ते पक्के केले, मग भिंत नुसती वाळत ठेवली. मला रंगाची घाई. त्या हात लावू देईनात. आत ओल राहिली तर वरचा हात पुन्हा सुटणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. शेवटी कपड्यानं गाळलेला चुना, त्यात डिंकाचं पाणी, आणि पातळ हात... एक वाळल्यावर दुसरा.

खोली पांढरीशुभ्र झाली. आणि कोणीही आलं नाही. पावसाळा तसाच गेला. मशीन ओसरीवर घ्या, असं मी सुचवलं. “नाही,” त्या म्हणाल्या, “लोकं इथंच बसतीन.”

भाद्रपदात त्यांनी भुलाबाई त्याच खोलीत मांडली. आमच्याकडे पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, आणि डब्यातली खिरापत ओळखल्याशिवाय ती मिळत नाही. पहिल्या संध्याकाळी मी तिथंच होतो. पोरींनी गाणी पायरीवरूनच उरकली.

“फुटाणे!”

“नाही.”

“खोबरं!”

“तिथून काय समजते? आत या, डबा हालवून पाहा.”

पोरींची चुळबुळ झाली. एकदम पार्वताकाकूंची नात सुमी आत घुसली आणि तिनं डबा कानाशी धरला. मग सगळ्याच शिरल्या. काकू ओरडत तिला ओढायला धावल्या, उंबऱ्यात अडखळल्या आणि तोल सावरायला त्यांनी भिंतीला पंजा टेकला. पंजा उलटून पाहिला. पुन्हा घासून पाहिला. हाताला चुन्याचा कणही लागला नव्हता.

“सुटत नाही व हे...”

“बसता का, काकू?”

काकूंनी भिंतीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. “बसतो जराशी. पाय दुखून राह्यले.”

डब्यात करंज्या निघाल्या. दिवाळीनंतर शिवणाचा वर्ग सुरू झाला.

आता वहिनींचं सुतक फिटल्यावर वामननं खोलीला चुना द्यायचं काढलं. गेल्या रविवारी मी सामान घेऊन गेलो. बसल्या माणसाचं डोकं टेकतं त्या उंचीवर भिंतीवर तेलाचा तपकिरी पट्टा उमटला आहे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तेलावर चुना धरत नाही. आधी तो पट्टा सोड्यानं धुवून काढायला हवा. पण त्याच पट्ट्याला डोकं टेकून पार्वताकाकू बसल्या होत्या. सकाळपासून.

“आजी, उठ ना जरा,” वामन म्हणाला. “भित धुवायची हाय.”

“मी नाही उठत. तुमी तिकडून सुरू करा.”

मी दोन्ही दारं उघडली, बादली उचलली आणि समोरच्या भिंतीला पाणी मारायला घेतलं.