पाटावर राहिलेली ब्रँच

महाडजवळच्या एका कारखान्याच्या बंबावर हैबतीने अठ्ठावीस वर्षं काढली. बंब कारखान्याचा असला तरी पंचक्रोशीत कुठे आग लागली की तोच धावायचा. गाडी श्रीपत चालवी. होज, शिडी, कुऱ्हाडी, दोर हे सगळं हैबतीच्या ताब्यात. वापरलेला होज तो धुवी, उतारावर पसरून आतलं पाणी काढी आणि वाळला की दर वेळी नवी घडी पाडून गुंडाळी. जुन्याच घडीवर गुंडाळलेला होज नेमका गरजेला तिथेच फाटतो. बायको म्हणायची, "सोताची लुंगी कधी घडी केली नाय, अन् कंपनीच्या पाइपाचे काय ते लाड!"

त्याची खरी माया होती ती ब्रँचवर. होजच्या टोकाला बसणारी ही हातभर लांब पितळी नळी. तिच्या निमुळत्या तोंडातून पाणी जोराने लांब जातं. ती नसेल तर होजमधून नुसता ओघळ पायाशी पडतो. बंबावर दोन ब्रँच होत्या. एक गळकी म्हणून दुरुस्तीला गेली होती. दुसरी हैबती चिंचेने घासून सोन्यासारखी ठेवी.

गेल्या वर्षी खंडेनवमीला बंबाच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा मांडली. पाटावर कुऱ्हाडी, पहार, आणि मधोमध ब्रँच. हैबतीने तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फुटायच्या आत फोन आला. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत गोठा पेटला होता. सगळे धावले. निघताना हैबतीने कुऱ्हाडी उचलल्या, पहार उचलली. ब्रँच माळेखाली झाकली होती. ती पाटावरच राहिली.

वाडीत पोचायला पाऊण तास लागला. गोठा खाली बसला होता आणि आग शेजारच्या घराच्या वाशांना लागत होती. माणसं विहिरीवरून हंडे आणून कशीबशी ती थोपवत होती. घर कुशाबाचं. शेळ्या, भात, भांडी बाहेर काढून झाली होती. हैबतीने होज पसरला, जोडला आणि ब्रँचसाठी कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

त्याने होजचं तोंड दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. पाणी बोटांतून फुटून त्याच्याच तोंडावर आलं. भिंतीपर्यंत पोचलं, आढ्यापर्यंत नाही. दहा मिनिटांत छप्पर खाली आलं आणि कोणीतरी ओरडलं की येसूबाई आत आहे. येसूबाई कुशाबाची बायको. ती कधी आत शिरली ते बंबवाल्यांना दिसलंच नव्हतं.

कारखान्याच्या अहवालात लिहिलं गेलं की रस्ता अरुंद, त्यामुळे विलंब झाला. हैबती साहेबांकडे निघाला तेव्हा श्रीपतने त्याला अडवलं. "गेलेली म्हातारी येनार हाय का परत? आपल्या चौघांची भाकर जाईल, बग." हैबती मागे फिरला. त्या दिवसापासून तो दर महिन्याला वाडीवर जाऊ लागला. कौलं वाहिली, वासे चढवले, गोठा शाकारला. दर वेळी सांगायचं ठरवून जाई आणि चहा पिऊन परत येई. वाडीला त्याचं कौतुक. कुशाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "सख्खा भाऊ करनार नाय येवडं यानं केलं."

नवरात्र अडवायला नको म्हणून येसूबाईचं वर्षश्राद्ध पितृपंधरवड्यातच करायचं ठरलं. कुशाबाचा मुलगा चंदू मुंबईहून आला. त्याने फोन केला की जेवणाआधी चार माणसांत बंबवाल्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचा आहे, पहिला मान हैबतीकाकांचा.

आदल्या दिवशी हैबती वाडीवर गेला. कुशाबा पडवीत पत्रावळी मोजत बसला होता. हैबती पायरीवरच टेकला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पूजा, पाट, माळ, रिकामा कप्पा. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "उद्याचा टॉवेल माज्या खांद्यावर टाकू नका, आबा."

कुशाबाचे हात थांबले.

"देव घटाला बसले व्हते," तो म्हणाला. "बसलेले देव हलवायचे नाय, म्हनून तिनं कोनाला हात लावू दिला नाय. मी ओढून भाईर आनली व्हती तिला. मंग तुमची गाडी वळनावर दिसली. तवा म्हनली, बंब आला, आता भ्या नाय, मी देव घिऊन येते. मी सोडला तिचा हात."

हैबतीला हे ठाऊक नव्हतं. वर्षभर कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

सून चहा घेऊन आली. कुशाबाने हातानेच तिला आत जायला खुणावलं.

"चंदू तापट हाय," तो हळू म्हणाला. "त्याच्या कानावर घालू नको. उद्या तू येव नको. तुला ताप आलाय म्हनून मी सांगन." मग त्याने पत्रावळी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. हैबतीने वाकून त्याच्या पायांना हात लावायचा विचार केला, पण पाय मांडीखाली होते आणि कुशाबाने ते काढले नाहीत.

खाली उतरताना त्याला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. सांगितल्यावर ओझं उतरतं म्हणतात. त्याचं आता दुप्पट झालं होतं, आणि त्यातलं निम्मं तो वर कुशाबापाशी ठेवूनही आला होता.

दुसऱ्या दिवशी श्रीपत हैबतीशिवायच वाडीला गेला. परतताना तो तब्येत विचारायला घरी येणार हे हैबतीला माहीत होतं. दुपार उतरायला लागली तसा तो परसातल्या कामावरून उठला, घरात गेला आणि बायकोला म्हणाला, अंथरूण घाल. बाहेर ऊन रणरणत होतं. तिने कपाळाला हात लावून पाहिला. अंग गार होतं. काय झालं म्हणून ती विचारत राहिली. डोक्यावरून घोंगडी ओढून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कुशाबाचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, एवढंच काय ते आता त्याच्या हातात उरलं होतं.