न मोजलेली पोरं

चहाची पानं खुडताना न्याकिओच्या हातांपेक्षा तिची जीभच जास्त चाले. मुरांगाच्या त्या डोंगरउतारावर तिच्या तोंडाच्या तडाख्यातून कुणी सुटलं नव्हतं. पण पोटुशी न्याकिओ दवाखान्यात गेली आणि नर्स गाथोनीनं "हे कितवं बाळंतपण?" असं विचारलं, तेव्हा बाईची बोलती बंद झाली. पोरं मोजली की दृष्ट लागते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"असतील देवानं दिलेली," ती शेवटी म्हणाली. "मी घरीच मोकळी होणार. वाट मळलेली आहे."

गाथोनी त्याच गावची. तिनं साळसूदपणे विचारलं, "बरं, या बाळाला नाव कुणाचं?"

"मुलगी झाली तर माझ्या धाकट्या बहिणीचं."

"पोरांना नातलगांची नावं तर आपल्यात रांगेनं लागतात. म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा झाले, काका-मामा, आत्या झाल्या, आता मावशीपर्यंत आलीस! अगं, इतक्या बाळंतपणांनी पिशवी थकते, मग रक्त थांबता थांबत नाही. तू मोठ्या इस्पितळात जायचं."

"मेले! मोजलीस ना माझी पोरं?" न्याकिओ कडाडली.

"पोरं कुठं मोजली गं बये? त्यांची आई मोजली. एकच भरली."