गांजलेलं घर

गांजा वाईट की औषधी, बंदी हवी की मोकळीक, यावर तुमचं मत तयारच असेल. नसलं तरी हातातला चहा संपेपर्यंत होईल. पण एक सांगा, उद्या तुमच्या मनासारखा कायदा झाला, तर ती पुडी सांभाळायची कुणी?

फालतू वाटला ना प्रश्न? वाटणारच. ज्याच्या कमरेला पुडी नाही, त्याला ती हलकीच वाटते.

या बाईच्या कमरेला ती आहे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती कामाला आहे. लाँड्रीत सगळे तिला वहिनी म्हणतात. तिची नणंद तिथे आधीपासून होती, आणि तिने पहिल्याच दिवशी "ही आमची वहिनी, हिला त्रास द्यायचा नाही, तो द्यायला मी आहे" अशी ओळख करून दिली. तेव्हापासून मुकादमसुद्धा शिवी हासडायच्या आधी "वहिनी" म्हणतो.

दोघींचं काम घड्या घालण्याचं. मोठ्या पलंगाची चादर एकटीला आवरत नाही. यंत्रातून गरम चादर निघाली की एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. मागे सरकत ताण द्यायचा, एक झटका मारायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकं एकीच्या हातात, खालची घडी दुसरीच्या. पुन्हा मागे. दिवसभर हेच. त्यामुळे त्यांचं बोलणंही तुकड्यातुकड्यांत चालतं. जवळ आलं की अर्धं वाक्य, लांब गेलं की गप्प, पुन्हा जवळ आलं की उरलेलं अर्धं. यंत्रांच्या घरघरीत लांबून काही ऐकूच येत नाही.

वहिनीचा नवरा रंगारी होता. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. एकदा परांचीची फळी निसटली आणि तो कमरेवर आपटला. हाडं जुळली, पण नस बिघडली ती बिघडलीच. पायात कुणी तापलेली तार ओढतंय, असं तो सांगायचा. गोळ्यांनी पोट जळायला लागलं आणि पाय काही थांबेना. मग त्याच्या जुन्या जोडीदाराने पुडी आणून दिली. त्या रात्री तो सरळ झोपला. वहिनी मात्र जागी राहिली, कारण कण्हण्याची इतकी सवय झाली होती की शांततेनेच तिची झोप उडाली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काहींना फरक पडतो खरा. पण मला लिहून देता येत नाही, आणि मी हे बोललो असंही कुठे बोलू नका."

मुलगा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. हुशार, बडबड्या, बापावर जीव टाकणारा. पुढे दोनतीन वर्षांत तो स्वतःच ओढायला लागला. आधी मित्रांबरोबर, मग एकटा, मग सकाळी उठल्या उठल्या. नंतर भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल कुजबुजतात, असं म्हणायला लागला. भिंतीपलीकडे पाण्याची टाकी होती. एके दिवशी त्याने घरातल्या सगळ्या आरशांना कागद चिकटवले आणि आईला विचारलं, "तू खरी आहेस ना?"

त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "सगळ्यांचं असं होत नाही. याच्या डोक्याला ते सोसत नाही. पुन्हा हाताला लागलं तर मुलगा हातचा जाईल. घरात वासही नको."

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ज्याला ते हवं तो, दुसरीत ज्याच्या वाऱ्यालाही ते नको तो. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. इथे तर आड आणि विहीर एकाच छपराखाली, आणि मधल्या भिंतीवर बाई उभी.

पुडी घरात ठेवायची सोय उरली नाही. पोराने डब्यात शोधली असती, गादीत शोधली असती. म्हणून वहिनीने कामाच्या कपड्यांना कमरेजवळ आतून एक खिसा शिवला. पुडी तिथे. अंघोळीला जाताना बरोबर, झोपताना पोटाखाली, कामावर चादरींच्या ढिगात कमरेला. संध्याकाळी पोराला "चल रे, भाजी आणू" म्हणून बाहेर काढायचं, नवऱ्याच्या हातात चिमूट द्यायची, त्याने गच्चीवर जाऊन ओढायची, आणि वास उडेपर्यंत माय-लेकांनी बाजारात फिरायचं. भाजी अर्धी पेंडीच लागायची. पण फिरायला बाजार अख्खा.

पकडली गेली असती तर गुन्हेगार कोण? जो ओढतो तो नाही. जिच्या कमरेला सापडेल ती.

आणि आता शहरात सुनावणी लागली होती. बंदी उठवायची की ठेवायची, यावर सरकारी समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. दोन्हीकडच्यांना माणसं हवी होती, दुःख असलेली. दुःखाचा बाजार भरला की गिऱ्हाइकं घर शोधत येतात.

मोकळीकवाल्यांचा एक दाढीवाला तरुण आला. नवऱ्याच्या पायाला हात लावून ऐकत बसला. गुणी होता पोरगा, पण उठताना म्हणाला, "काकू, तुम्ही काकांच्या दुखण्याचं सांगा. मुलाचं नको. विषय भरकटतो."

दोन दिवसांनी बंदीवाल्यांच्या बाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मुलाशी प्रेमाने बोलल्या. त्याही बऱ्या होत्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "मुलाचं सगळं सांगा हं. यजमानांचं काढू नका. ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो."

वहिनी दोघांनाही "बरं" म्हणाली. भांडायला त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी चादरीच्या दुसऱ्या टोकाला नणंद होती.

"वन्सं, मी दोन्ही सांगणार."

मागे. झटका. पुढे.

"दोन्ही सांगून काय होणार? माझ्या भावाची सोय तेवढी जाईल."

"आणि माझा पोरगा?"

"त्याचं डोकं आधीपासूनच..."

चादर ताणलेली. दोघी लांब. वहिनीने झटका जरा जोरातच मारला. जवळ आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"आधीपासून काय? बोला ना. आधीपासून हललेलं होतं? आपला भाऊ तो आजारी आणि माझं लेकरू ते वेडं?"

नणंदेच्या तोंडून मग ते गेलं, जे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. "मग भावाचे हात थरथरायचे तेव्हा चिलीम कोण भरून द्यायचं गं? भिंत की तुझा पोरगा? आणि तू बघत नव्हतीस?"

घडी पडली. दोघींनी ती उचलली आणि पुन्हा घातली. त्यानंतर आठवडाभर त्या बोलल्या नाहीत. चादरी मात्र दुमडत राहिल्या. पोट भांडणासाठी सुट्टी देत नाही.

सुनावणीत काय बोलायचं, ते वहिनीने पोळ्या लाटताना, केस विंचरताना पाठ केलं होतं. तिचं मागणं साधं होतं. बंदी ठेवा नाहीतर उठवा, तुमचं तुम्ही बघा. पण नवऱ्याला जे लागतं ते दवाखान्याच्या कपाटात कुलपात ठेवा, त्याला तिथे बसवून द्या, आणि माझ्या कमरेचं काढा. एवढंच. मला सांभाळायला लावू नका.

सभागृह भरलेलं. तिची पाळी आली. पुडी कमरेला होती. ठेवणार कुठे होती? समोर पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या, तोंडाशी माइक. तिने सुरुवात केली, जशी कुठलीही दमलेली बाई करेल तशी.

"साहेब, मी गांजलेली बाई आहे. आमचं सगळं घरच गांजलेलं आहे."

आधी मागून एक जण फिसकन हसला. मग रांगच्या रांग हसली. अध्यक्षांनाही राहवलं नाही. "म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा?"

सभागृह कोसळलं. वहिनीला कळेना काय झालं. कळलं तेव्हा कानशिलं तापली. आयुष्यभर वापरलेला शब्द. आई म्हणायची, "सासूने गांजलं." बाप म्हणायचा, "मालकाने गांजलं." त्या शब्दाचा त्या पाल्याशी काय संबंध? पण पाठ केलेलं सगळं पळालं. "तसं नाही... त्रासलेली... त्रासलेली म्हणते मी..." एवढ्यात घंटी वाजली. वेळ संपली होती. दाढीवाला मान खाली घालून बसला होता. मुख्याध्यापिका पदराने, क्षमा करा, हातरुमालाने ओठ झाकत होत्या. हसत होत्या की काय, देव जाणे.

पेपरात दुसऱ्या दिवशी छापून आलं, "घरभर गांजा! लाँड्रीतल्या महिलेची भर सुनावणीत कबुली." लिहिणारी मुलगी शिकलेली असणार. पण गांजणं म्हणजे काय, हे तिच्या घरात कुणी बोललं नसेल. ज्याला कुणी गांजलं नाही, त्याला तो शब्द लागतो कशाला?

त्या सकाळी मुकादम पेपरची सुरळी करून दाराशी उभा राहिला. एका मोठ्या हॉटेलातून फोन येऊन गेला होता.

"वहिनी! काय हे? घरभर? आणि आमच्या चादरीत किती?"

"साहेब, मी गांजलेली म्हणाले. गांजा नाही."

"तळं राखील तो पाणी चाखील, हे मला शिकवू नका. ऑफिसातल्या बाईंना बोलावतो. झडती होईल. कुणी जागचं हलायचं नाही."

तो बाईंना आणायला वळला. यंत्रं चालूच होती. वहिनीच्या हातात चादरीची दोन टोकं, नणंदेच्या हातात दोन. दार एकच, आणि त्यातूनच ते येणार होते. सापडलं तर नोकरी गेली, नवरा तळमळणार, आणि ती आत गेली तर पोराला बघणार कोण?

पलीकडून चादरीला झटका बसला. नेहमीचा. नणंद पुढे चालत आली, आठवड्यात पहिल्यांदा बोलली, तेही अर्धंच.

"घडीत टाक."

मागे. पुढे.

"लवकर, बयो!"

वहिनीने कमरेत हात घातला. टोकं जुळली तेव्हा पुडी चादरीच्या पोटात होती आणि त्यावर नणंदेची मूठ. मुकादम ऑफिसातल्या बाईंना घेऊन आला, तेव्हा नणंद ती चादर छातीशी धरून धुण्याच्या टोपल्यांकडे निघाली होती.

"कुठे निघालात?"

"डाग राहिलाय. हॉटेलवाल्यांना डाग दाखवू का तुमचा?"

झडतीत काही सापडलं नाही. रिकामा खिसा तेवढा सापडला. "हा कशाला?" बाईंनी विचारलं. "बसच्या पैशांना," वहिनी म्हणाली. मुकादमाचं समाधान झालं नाही. त्याने तिला घड्यांवरून काढून ओल्या बाजूला टाकलं, जिथे पाणी प्यायलेल्या चादरी यंत्रातून उपसायच्या असतात. एकेक चादर मेलेल्या जनावरासारखी जड. संध्याकाळी तिला सरळ उभं राहता येईना.

सुटल्यावर नणंद फाटकाशी थांबली होती. दोघी चालायला लागल्या. वहिनीचा हात सवयीने सारखा कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा.

"द्या वन्सं."

"राहू दे आज माझ्याकडे."

"तुम्ही का उगाच..."

"माझा भाऊ आहे ना तो? मग? चार दिवस तू, चार दिवस मी." थोडं चालून ती पुढे म्हणाली, "त्या दिवशी बोलले ते... खोटं नव्हतं. पण एकट्या तुझंही नव्हतं. मी पण बघतच होते."

वहिनी रस्त्याच्या कडेला बसलीच. रडली वगैरे नाही. बसली फक्त. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वाकताना पोटाला काही टोचलं नाही.

त्या दिवशी नणंदेने भावाला गच्चीवर नेलं आणि वहिनीने पोराला बाजारात. कोथिंबिरीपाशी तो म्हणाला, "आई, आज तू हळू चालतेयस." ती म्हणाली, "आज मला घाई नाही रे."

यात कुणी जिंकलं नाही. पेपरात खुलासा आला नाही. वहिनी अजून ओल्या बाजूलाच आहे आणि पुडी अजून बेकायदा, फक्त आता दोन कमरांवर. सुनावणीचा निकाल लागायचा आहे. दाढीवाला आणि मुख्याध्यापिका दोघंही सह्या गोळा करत फिरताहेत. तुमच्या दारातही येतील.

आले की सही जरूर करा, ज्या बाजूला पटेल त्या बाजूला. पण पेन हातात घेण्याआधी त्यांना एवढं एक विचारा, "ते ठेवायचं कुणाकडे?" उत्तर आलं नाही, तर पेन परत द्या.