बोटानं फिरवलेला नट

मोटारसायकली दुरुस्त करणारे मी पुष्कळ पाहिले, पण काम करताना तोंडातून चकार शब्द न काढणारा एकच पाहिला. त्याला सगळे मुके मिस्त्री म्हणत. तसा तो मुका नव्हता. चहा पिताना त्याची अशी काही टकळी सुरू व्हायची की शेजारचा टेलर वैतागून शिलाई मशीन थांबवायचा. पण एकदा गाडीला हात लागला की वायसर, पिना, छोटे नट असं सगळं बारीकसारीक सामान तो ओठांत धरायचा. ताटलीतली वस्तू घरंगळते, कुणाच्या तरी पायाखाली जाते. ओठांतली कुठे जाईल? जिभेवर लोखंडाची चव आहे तोवर काम बाकी आहे, आणि तोंड मोकळं झालं की गाडी तयार. एकोणतीस वर्षं हाच नेम. त्याच्या हातची गाडी वाटेत बंद पडली, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या दिवशी सकाळी स्टँडवर त्याच्या लेकीची गाडी होती. लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची बदली दूरच्या शहरात झाली होती. पाठीला पिशवी लावून, हातात हेल्मेट घेऊन ती दारातच उभी होती. मिस्त्रीनं मागचं चाक काढून ब्रेकला नवे लायनर घातले, चाक परत चढवलं. मग राहिली ब्रेकची पट्टी. ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर ब्रेकचं झाकणही फिरू नये म्हणून ही पट्टी त्याला धरून ठेवते. तिच्या बोल्टवर नट बसतो आणि नट सुटू नये म्हणून त्यातून केसांच्या आकड्यासारखी एक पिन जाते. नट त्यानं बोटानं फिरवला. पान्हा घ्यायला हात लांब केला. पिन ओठांत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "मी तिकडे खोली बघितली आहे. रोज जाऊन-येऊन नाही जमायचं मला."

एकोणतीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. मिस्त्रीनं ओठांतली पिन काढली, खिशात टाकली आणि बोलला.

"आईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

"वा! वाईट बातमी द्यायला मी, आणि गाडी उडवायला तू."

"उडवत नाही मी. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलं म्हणूनच भीती वाटते," असं म्हणून तो हसला. तीही हसली. शनिवार-रविवारी येईन म्हणाली. तो उठला, फडक्याला हात पुसले आणि गाडी स्टँडवरून खाली घेतली. तोंड मोकळं होतं, म्हणजे काम झालं, असं त्याच्या हातांना वाटलं. लेकीनं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढला, आरसा बोटानं नीट केला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली.

अर्ध्या तासानं टेलरनं चहाला हाक मारली. चष्मा काढायला मिस्त्रीनं खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं.

ब्रेकच्या पट्टीची पिन! म्हणजे नटही नुसता बोटानं फिरवलेलाच राहिला होता. मग त्यानं लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ती उचलणार नव्हती. गाडी चालवताना फोन आला तर बघायचंसुद्धा नाही, मग मी मेलो असलो तरी, हे त्यानंच तिला दहा वेळा बजावलं होतं.

"अरे, लावत राहा. कंटाळून थांबेल तरी," सगळं ऐकून टेलर म्हणाला.

मिस्त्रीचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच अडकला. थांबेल म्हणजे काय करेल? ब्रेक मारेल. त्यानं फोन बाकावर उपडा ठेवला आणि साप असल्यासारखा त्याच्यापासून लांब सरकला.

"मग माझी गाडी घे आणि जा मागे!"

"तुझी?" मिस्त्रीनं कोपऱ्याकडे बोट केलं. टेलरच्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं. दुकानात सहा गाड्या होत्या आणि एकही धड चाकांवर नव्हती. रस्त्यावरून कुणाची मागून घेतली असती, तरी लेक वीस किलोमीटर पुढे होती. पुढे सपाट रस्ता संपला की नऊ वळणांचा उतार. त्या उताराच्या वरच्या अंगाला त्याच्या ओळखीचं कुत्रंदेखील नव्हतं. जन्म दुकानात गेला. रस्ता त्याला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातूनच माहीत.

"ती पुढचाच ब्रेक लावत असेल," टेलर चाचरत म्हणाला.

"नाही रे. शिकताना खडीवर पुढचा ब्रेक दाबून पडली होती. तेव्हापासून मागच्यावरच पाय देते. उतारावर गिअरवर गाडी उतरव, असंही सांगितलंय मी. पण ऐकलं असेल का? त्या वयात आपण ऐकायचो का?"

वरच्या खोलीच्या खिडकीतून त्याची बायको डोकावली. "अहो, पोचली का हो?"

"एवढ्यात कशी पोचेल?" तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा निघाला, त्याचंच त्याला नवल वाटलं.

त्यानंतर त्यानं काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. ज्या हातांनी अडकलेली इंजिनं सोडवली, ते मांडीवर पालथे पडले होते. टेलरनं आणलेला चहा सायीखाली गार झाला. रस्त्यानं एक-एक गाडी जात होती आणि प्रत्येकीच्या मागच्या चाकाकडे तो बघत होता.

पावणेबाराला फोन थरथरला.

"बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?"

"तू कुठे आहेस?"

"उतार संपला तिथे. शेवटच्या वळणावर मागून खडखड यायला लागली, म्हणून हळूच बाजूला घेतली. इथे एक मिस्त्री आहेत, बघताहेत."

त्या मिस्त्रीचा आवाज मागून आला. "ताई, नट केव्हाच पडलाय. बोल्ट नुसता टोकाला दोन सूत अडकलाय. एक जोरात ब्रेक मारला असता, तर तुम्ही इथवर आला नसतात. कुठल्या अडाण्यानं बसवलंय हे?"

 ते मिस्त्रीला ऐकू आलं.

"मी बसवलं," तो म्हणाला. "त्यांना सांग, मी बसवलं."

लेकीनं फोन त्याच्यापुढे धरला. मग तो परका आवाज जवळ आला आणि मऊ झाला. "असू द्या, मास्तर. माणूस आहे, होतं."

शिवी दिली असती तर मिस्त्रीनं सोसली असती. तो म्हणाला, "पिन नवी घाला. तिचे दोन्ही पाय नीट वाकवा."

"घालतोच आहे, मास्तर. तुम्ही काळजी करू नका."

थोड्या वेळानं लेकीचा फोन पुन्हा आला. गाडी झाली होती. तिनं जागेवर ब्रेक मारून पाहिला होता, मोकळ्या रस्त्यावर एक फेरीही मारली होती. जे त्यानं करायचं राहिलं, ते सगळं तिनं न सांगता केलं होतं.

"तू गाडी तिथेच ठेव. बसनं जा पुढे," तो म्हणाला.

"बाबा, आता ठीक आहे. खरंच." ती म्हणाली. "आणि इथून पुढे सर्व्हिसिंगला यांच्याकडेच आणत जाईन. मला जवळ पडतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला समजूत तरी घालता आली असती.

"बरं," तो म्हणाला. "लायनर नवे आहेत. पंधरा दिवसांनी एकदा ब्रेक ताणून द्या म्हणावं त्यांना."

"सांगते," ती म्हणाली, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.